तो मळ नव्हता गं

काल मॅक्समुल्लर भवनाच्या फाटकापाशी तू दिसलीस तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मे महिना, डांबर चपलेला चिकटतंय, आणि तुझ्या गळ्याला स्कार्फचे दोन वेढे. "धूळ गं ताई दिल्लीची," म्हणालीस. मी हो ला हो केलं. मग कस्तुरबा गांधी मार्गावरून चालत आपण महाराष्ट्र सदनात गेलो, कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरलं, आणि थालीपीठ येतंय तोवर तू पर्समधून जनुकीय चाचणीची ती तेवीस पानांची चळत काढलीस. रंगीत छपाई, लाल-पिवळे-हिरवे गोल. "इन्सुलिन रेझिस्टन्स : उच्च जोखीम." "पोटावरची चरबी : उच्च जोखीम." तू म्हणालीस, "ताई, माझ्या जीन्समध्येच आहे. आता काय उपयोग?" डोळे भरून आले तुझे. शेजारच्या टेबलावर नांदेडकडची मंडळी जोरजोरात मंत्रालयाच्या गप्पा मारत होती, म्हणून मी फार बोलले नाही. लोणी वितळून गेलं, थालीपीठ तसंच राहिलं.

आता रात्रीचे साडेअकरा झालेत, कूलर घरघरतोय, झोप काही येत नाहीये. जे तिथे बोलता आलं नाही ते लिहिते. मी डॉक्टर नाही हे तुला ठाऊक आहे. पण माझं पोट भाषांतरावर, आणि गेली चार वर्षं आरोग्याचेच कागद मराठीत आणतेय. शिवाय या बाबतीत मी तुझ्याआधी पोळलेय.

माझी गोष्ट तुला कधी सांगितली नाही. ऑफिसात तपासणी शिबिर लागलं होतं. उंची एकशे पंचावन्न सेंटिमीटर, वजन 53 किलो. काट्यावरून उतरले तर तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, आप तो फिट हैं!" बीएमआय 22. मी खूश. चार दिवसांनी रिपोर्ट आला : उपाशीपोटीची साखर 108, ट्रायग्लिसराइड 212, चांगलं कोलेस्टेरॉल 38. मला वाटलं कुणा जाड्या बाईचा कागद माझ्या पाकिटात आलाय. डॉक्टरांनी खणातून टेप काढली आणि कंबर मोजली. 84. मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. भारतीय बाईची कंबर 80 किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड 150 किंवा जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल 50 च्या खाली, रक्तदाब 130/85 किंवा जास्त, उपाशीपोटीची साखर 100 किंवा जास्त. या पाचांतली तीन जुळली की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. माझी चार जुळली होती. म्हणजे त्या 'फिट हैं'ला मी चार वर्षं तरी जपून ठेवलं असतं, टेप नसती तर.

बारीक माणसाला हे कसं होतं, याचं उत्तर आपल्या पुण्यात सापडलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र, दोघेही मधुमेहाचे अभ्यासक. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्या दोघांचा एक शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3, अगदी दशांशापर्यंत सारखा. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. स्वतःच्याच पोटाचा दाखला देऊन जगाला धडा शिकवणारा संशोधक मला फार आवडतो. आडनावाच्या आद्याक्षरांवरून त्याला वाय-वाय पॅराडॉक्स असं नाव पडलं.

पण त्याहून मला हलवून सोडलं ते याज्ञिकांनी बाळांवर केलेल्या कामानं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून त्यांनी गरोदर बायकांची नोंद ठेवली. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 ची. आपली बाळं उंचीला, पोटाला, स्नायूंना सगळीकडे कमी. फक्त पाठीवरची कातडीखालची चरबी तेवढी त्या मानानं टिकून. हडकुळं तरी चरबीदार बाळ! आणि पुण्यातल्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात इन्सुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त निघालं. पहिला समोसा खायच्या कितीतरी आधी, बघ.

इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे नेमकं काय, असं तू विचारलंस आणि मी तिथं काहीतरी थातुरमातुर बोलले. आता नीट सांगते. आठव, संध्याकाळी आई हाक मारायची, "चला गं, पानं घेतलीत!" पहिल्या हाकेला आपण कोण उठायचो? दुसरी हाक. तिसरी चढ्या सुरात. इन्सुलिन म्हणजे ती हाक. जेवणानंतर रक्तात साखर येते, स्वादुपिंड हाक देतं, आणि स्नायू ती साखर आत ओढून घेतात, यकृत स्वतःची साखर सोडायचं थांबतं. यांचे कान जड झाले की स्वादुपिंडाला ओरडावं लागतं. गंमत अशी की ओरडल्यावर काम होतं. म्हणून कित्येक वर्षं साखरेचा आकडा सरळ येतो. हाक मात्र दुप्पट-तिप्पट झालेली असते, आणि ती सहसा कुणी मोजतच नाही. मग एक दिवस आईचा घसा बसतो. त्या दिवसाला आपण म्हणतो, "अचानक शुगर निघाली."

अचानक कसली!

आता तुझ्या त्या तेवीस पानांकडे येऊ. त्यात टीसीएफ7एल2 नावाचा गोल लाल आहे. हा घशाचा जीन. म्हणजे स्वादुपिंड इन्सुलिन किती सोडतं याच्याशी त्याचा संबंध. 2006 मध्ये आइसलंडच्या शास्त्रज्ञांनी त्याचा मधुमेहाशी संबंध शोधला, आणि 2007 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीमधले डॉ. गिरिराज चांडक आणि याज्ञिकांच्या चमूनं पुण्याच्या रुग्णांवर तपासला, तर आपल्याकडेही त्याचा मधुमेहाशी घट्ट संबंध. एफटीओ आणि एमसी4आर यांचं नातं भुकेशी नि चरबीशी. एमसी4आरच्या शेजारचा एक फरक 2008 मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीयांत सापडला. तो कंबरेच्या घेराशी आणि इन्सुलिन रेझिस्टन्सशी जोडलेला, आणि आपल्या लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त आढळणारा. एफटीओचं तर आणखी वेगळं. युरोपात तो आधी वजन वाढवतो आणि वजनामार्गे मधुमेह आणतो. पुण्याच्या 2009 च्या अभ्यासात दिसलं की आपल्याकडे त्याचा मधुमेहाशी संबंध निव्वळ वजनावर भागत नाही.

आणखी काही जीन आहेत ते कणगीचे. तुला सांगोल्याच्या वाड्यातली कणगी आठवते? पीक जास्त आलं आणि कणगी छोटी असली की पोती माजघरात, मग देवघरात, शेवटी झोपायच्या खोलीत. कातडीखालची चरबी ही आपली कणगी. तिथं साठलेली चरबी तशी निरुपद्रवी. आपल्या लोकांची ही कणगी लहान, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. ती भरली की चरबी पोटाच्या आत, यकृतात, स्नायूंत घुसते, आणि तिथल्या पेशींचे कान जड होतात. म्हणून एखादी नव्वद किलोची पंजाबी काकू साखर सरळ ठेवून ठणठणीत फिरते आणि आपण पन्नाशीतल्या वजनाच्या बायका गोळ्या घेत असतो. अन्याय आहे खरा.

पण त्या कागदाशी माझं एक भांडण आहे. त्यात पीपीएआरजीचा गोल हिरवा दाखवलाय, 'संरक्षक' म्हणून. या जीनचा तो विशिष्ट फरक गोऱ्यांना मधुमेहापासून वाचवतो हे खरं. चेन्नईच्या आणि अमेरिकेतल्या डॅलसच्या भारतीयांत 2006 मध्ये तोच पाहिला गेला, तर त्यांना त्याचं काही संरक्षण मिळत नव्हतं. अक्षर तेच, अर्थ वेगळा. भाषांतर करणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. म्हणून तुझ्या कागदावरचा लाल गोलही पुरता खरा मानू नकोस आणि हिरवाही. टाइप 2 मधुमेहाशी जोडलेल्या जनुकीय जागा 2024 पर्यंत सहाशेच्या वर मोजल्या गेल्यात. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. कोणती एक चिमूट तुझ्या पदरात पडली यावरून आमटीची चव सांगणारा माणूस मला तरी बोलभांड वाटतो. तू त्या चाचणीला जेवढे पैसे मोजलेस तेवढ्यात लिपिड प्रोफाइल, एचबीएवनसी, उपाशीपोटीची साखर हे सगळं दोनदा झालं असतं. जाऊ दे, मी चिडचिड करत नाही.

आणि फुकटची जनुकीय चाचणी तर आपल्या घरात आहेच की! आजीचा अंगठा कापला ते साल आठव. आईला पंचेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. मामाचं डायलिसिस. ही वंशावळ त्या तेवीस पानांपेक्षा जास्त बोलते. फक्त त्या वंशावळीत रक्तासोबत उपासमारही उतरलीय, हे आपण विसरतो. 1972 च्या दुष्काळात आजी आणि सोळा वर्षांची आई खडी फोडायला जात होत्या. सुकडी मिळायची ती आई पदरात बांधून धाकट्या भावांसाठी आणायची. आईनं हे मला एकदाच सांगितलं, तेही हसत हसत, सुकडी अजून तोंडात घेववत नाही म्हणून.

पुण्यात उंदरांवर एक लांबलचक प्रयोग झाला. पन्नास पिढ्या त्यांना कमी खायला घातलं. मग दोन पिढ्या पोटभर. डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये तो प्रसिद्ध केला. पोटभर अन्न मिळूनही ते उंदीर सावरले नाहीत. चरबी वाढली, इन्सुलिन चढंच राहिलं. जीनमधली अक्षरं न बदलताही जीन किती जोरात वाचायचा, किती हळू, याच्या खुणा मागच्या पिढ्यांकडून येतात. वाचून झाल्यावर मी कितीतरी वेळ खिडकीशी बसले होते. समोर इंडिया गेटच्या दिशेनं बरोडा हाऊस दिसत होतं. गायकवाडांचा महाल, आता रेल्वेचं ऑफिस. मनात आलं, खडी फोडणारीची नात आणि महालात जेवणाऱ्याची नात यांच्या पोटातला हिशेब सारखा कसा असेल?

तरीही "आता काय उपयोग" हे तुझं वाक्य मला मान्य नाही. टीसीएफ7एल2चंच घे. अमेरिकेतल्या मोठ्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात हजारो माणसांचा हा जीन तपासला. ज्यांच्याकडे दोन्ही प्रती जोखमीच्या, त्यांना मधुमेह होण्याची शक्यता साधारण दीडपट. पण त्यांतलेच जे आठवड्याला दीडशे मिनिटं चालत होते आणि वजन थोडं उतरवत होते, त्यांच्यात हा फरक जवळजवळ पुसला गेला. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी 2006 मध्ये भारतीयांवर असाच अभ्यास मांडला. तिथं चालणं नि खाणं सुधारल्यावर तीन वर्षांत मधुमेहाचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं, आणि तेही वजन फारसं न उतरता. म्हणून काट्यावर रोज चढू नकोस, बाई. तो काटा आपल्यासारख्यांशी खोटं बोलतो.

टेप घे. टेलरची साधी टेप. सगळ्यांत खालची बरगडी चाचपून बघ, मग कंबरेच्या हाडाचा वरचा काठ, या दोहोंच्या बरोबर मध्ये. सलवारीच्या नाडीचा वळ जिथं उठतो तिथं नाही, थोडं वर. श्वास सोडून, पोट आत न ओढता. मी पहिल्यांदा ऑफिसच्या बाथरूममध्ये मोजली तेव्हा पोट इतकं आत घेतलं की 76 भरली आणि मीच मला फसवून आनंदानं बाहेर आले.

चालण्याचं सांगते. स्नायू काम करत असला ना, की तो हाकेवाचूनच साखर आत घेतो. खेळून दमलेलं पोर कसं आई बोलवायच्या आधीच स्वयंपाकघरात डोकावतं, तसं. म्हणून जेवण झाल्या झाल्या पंधरा मिनिटं चालणं हे औषधाच्या तोलाचं. मी दुपारी डबा खाल्ला की ब्रिटिश कौन्सिलपर्यंत जाऊन येते. ऑफिसातल्या मुली हसतात, हसू देत. नोव्हेंबरात हवा विषारी झाली की गच्चीही नको, तेव्हा जिने चढते आतल्या आत. मांड्यांचे स्नायू मोठे, त्यांची भूक मोठी. आठवड्यातून दोनदा तरी त्यांना खुर्चीतून उठण्या-बसण्याचं, पायऱ्यांचं काम दे.

खाण्याबद्दल प्रवचन देत नाही. तुला साबुदाणा सोडवणार नाही हे मला माहीत आहे. फक्त भात-पोळीच्या आधी उसळ, कोशिंबीर संपव आणि चहातले ते दोन चमचे अर्ध्यावर आण. आणि ऑफिसखालच्या ठेल्यावरचा 'ताजा' मोसंबी रस हा फळ नव्हे, तो सरबताचा भाऊ आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे म्हणालीस. मग आधी बी12 तपासून घे. पुण्याच्या त्या खेड्यांतल्या बायकांपैकी दोन तृतीयांश बायकांत बी12 कमी होतं. ज्या आयांत बी12 कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स सर्वांत जास्त दिसला. आपलं घर माळकरी, दूधही आपण चहापुरतं घेतो, त्यामुळे हे आपल्यालाच सांगितलंय असं समज. गोळी कोणती आणि किती, ते डॉक्टर ठरवतील. फोलेटची स्वतःच्या मनानं सोडू नकोस हं, तीही लागतेच. आणि बाळ झालं की ते बारीक आहे म्हणून सासूबाई तुपाचे चमचे घेऊन धावतील, तेव्हा या शहरातली एक गोष्ट आठव. दक्षिण दिल्लीत 1969 ते 72 मध्ये जन्मलेल्या मुलांना सफदरजंगच्या डॉ. संतोष भार्गवांच्या चमूनं मोठं होईपर्यंत मोजलं. दीड हजाराच्या आसपास मुलं सव्विशी-तिशीत पुन्हा तपासली. ज्यांची साखर बिघडली ती लहानपणी जाडी नव्हती. पहिल्या दोन वर्षांत बारीक राहून मग बाराव्या वर्षापर्यंत भराभर अंग धरलेली ती मुलं होती.

आता स्कार्फ.

काल तू पाणी प्यायला वाकलीस आणि तो सरकला. मानेवरचा काळपट, मखमलीसारखा पट्टा मी पाहिला. तुझ्या दहावीच्या वर्षापासून पाहतेय. दिवाळीत पहाटे आई तुला न्हाणीघरात बसवून उटण्यानं मान घासायची. एका वर्षी तर वजरी घेतली होती. तू रडत होतीस आणि मी बाहेरून ओरडले होते, "जरा रोज घासत जा की, मळ बघ किती!" मला तेव्हा ठाऊक नव्हतं गं. त्या हाका वाढल्या, इन्सुलिन रक्तात फार झालं, की मानेवरच्या, काखेतल्या कातडीला ते असं जाड नि काळं करतं. तुझं शरीर पंधराव्या वर्षीच सांगत होतं. पाळी चुकत होती ती वेगळी, तिलाही आपण 'वय आहे' म्हणालो. तेवीस पानं आत्ता आली, हा कागद तुझ्या मानेवर केव्हाचा लावलेला होता.

डॉक्टरांना मान दाखव. क्रीम विचारू नकोस, रक्त तपासायला सांग. हाका आटोक्यात आल्या की बऱ्याच जणींची ती मखमल हळूहळू फिकी होते.

आणि शनिवारी सकाळी सातला हेली रोडवर ये, अग्रसेनच्या बावलीच्या फाटकाशी. उन्हं चढायच्या आत शंभरेक पायऱ्या उतरू नि चढू. फाटक उघडलेलं नसलं तर कस्तुरबा गांधी मार्गानं इंडिया गेटपर्यंत जाऊ. माझ्याकडे टेप आहे, तुझी नको आणू. स्कार्फही नको.